चोरचोळीच्या गोळ्या

तुरीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मी पंजाबरावांना झापत होते. झापताना एक वाक्य माझ्या तोंडातून निघालं आणि गर्रकन फिरून माझ्याच कानात शिरलं. मी कृषी सहाय्यक आहे, कामरगावचं शिवार माझ्याकडे आहे, आणि शेतकऱ्यांना झापणं हा नोकरीचा भाग नसला तरी मी तो मन लावून करते. पंजाबरावांची तूर फुलोऱ्यात होती, पिवळीधमक, नुसतं बघत राहावं अशी, आणि तिचे शेंडे मात्र कडेकडेनं करपलेले. त्यांनी दोन डबे माझ्यापुढे आणून ठेवले. एकावर वाघ, दुसऱ्यावर धनुष्यबाण. दोन्ही औषधं एकाच पंपात कालवून त्यांनी मारली होती. मी डबे उलटे करून मागची बारीक अक्षरं वाचली आणि माझं डोकंच फिरलं. "पंजाबराव, चित्रं दोन हायेत, नावं दोन हायेत, पन आतलं औषध एकच हाय! एकच! तुमी तुरीले डबल डोस पाजला. कोनी काहीबी हातात देल्लं का घालाचं का पोटात? मागचं वाचाले काय झालं होतं?" पंजाबराव साठीचे, सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "वाचता येते न मॅडम. पन एक डबा साडभावानं आनून देल्ला, एक व्याह्यानं. दोघंबी म्हनत, हे लय पावरफुल हाय. म्या दोघांचंबी मन राखलं." मला हसू फुटणार होतं, पण फुटलं नाही. कारण त्या क्षणी माझ्या खांद्यावरच्या पिशवीत एक केशरी बाटली होती, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक डबा होता, आणि घरी स्वयंपाकघरात गव्हाच्या कोठीमागे अजून एक बाटली होती. कोणी काहीही हातात दिलं की घालायचं पोटात. माझंच वाक्य. आणि माझ्या पोटात साडेतीन महिन्यांचं लेकरू.

"मॅडम, घाम आला तुमाले," पंजाबराव म्हणाले. "बसा जरा. तूर वाचते का नाई ते सांगा फक्त." वाचते, मी म्हटलं, आता आठ-दहा दिवस काही मारू नका, पाणी द्या, नवी पालवी फुटेल. सांगताना मीच माझ्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत होते, की ही बाई खरं सांगतेय की धीर देतेय. पंजाबराव मान हलवत होते. त्यांचा माझ्यावर केवढा विश्वास! मला वाटलं, यांना सांगून टाकावं, की दादा, मीही तेच करून बसले आहे. पण गरोदर बाईनं पुरुषमाणसाला धुऱ्यावर काय काय सांगावं यालाही काही मर्यादा असतेच. मी रजिस्टरवर त्यांची सही घेतली आणि फाट्यावर येऊन कारंजाची काळीपिवळी जीप पकडली. ड्रायव्हरनं नेहमीप्रमाणे ओरडून एका माणसाला पुढच्या सीटवरून उठवलं आणि मॅडमला खिडकी दिली. खिडकी मिळाली की माझं डोकं चालू होतं. त्या दिवशी ते बंद पडलं असतं तर बरं झालं असतं.

तिसरा महिना लागला की आमच्याकडे चोरचोळी करतात. सातव्या महिन्याचा थाट वेगळा, तिथं फुलांच्या वाड्या, गाणी, फोटो. चोरचोळीत यातलं काही नाही. जवळची एखादी बाई हळूच कोपऱ्यात घेते, ओटीत मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि हिरव्या चोळीचं कापड घालते आणि कानाशी म्हणते, कोनाले सांगू नको. दिवस कोवळे असतात, दृष्ट लागायला नको. आणि ओटीत पडलेलं नाकारायचं नसतं, परत करायचं नसतं, दाखवत फिरायचं नसतं. एवढी साधी गोष्ट. पण लग्नाला पाच वर्षं झाल्यावर राहिलेले हे दिवस, त्यामुळे माझ्यावर माया करणाऱ्या बायांपैकी कुणालाच थांबणं जमलं नाही. तिघींनी माझी चोरचोळी केली, एकमेकींना पत्ता न लागू देता. आणि तिघींनाही एकच सुचलं. ओटीच्या सामानाबरोबर तिघींनी ताकदीचं औषध दिलं.

पहिली माझी माय. तुळसाबाई तिचं नाव, इंझोरीहून डोळे तपासायचं निमित्त काढून आली आणि मला कारंजाच्या बसस्टँडवर बोलावलं. तिथल्या बाकड्यावर, एका बाजूला केळीवाला आणि दुसऱ्या बाजूला मोठ्यानं फोनवर भांडणारा कोणी पाहुणा, अशा थाटात माझी ओटी भरली. चोळीच्या कापडाखाली पावडरचा डबा. "हे दुधात घेत जाय. डब्यावरची बाई पाह्य, कशी गरगरीत हाय," माय म्हणाली. मी म्हटलं, अगं ती फोटोसाठी आणलेली मॉडेल आहे. "असू दे न. खाल्ल्याबिगर का तशी झाली?" तिच्यापुढे माझं कधी चाललंय? डबा घरी नेला असता तर सासूबाईंना कळलं असतं, म्हणून तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गेला, मातीपरीक्षणाच्या पाकिटांखाली. दुसरी माझी नणंद पिंकी. ती पुण्याला कंपनीत आहे. तिनं ऑफिसच्या पत्त्यावर कुरियर पाठवलं: चोळीचं कापड, तांदळाची इवलीशी पुडी (पुण्याला राहूनही विसरली नाही, मला भरून आलं), आणि परदेशी बनावटीची केशरी बाटली. व्हिडिओवर म्हणाली, "वहिनी, रोज एक. इथं सगळ्याजणी हेच घेतात. आईला सांगू नकोस हं, तिला उगाच वाटेल आपल्याला काही कळत नाही." ती बाटली माझ्या पिशवीत राहायची, कारण पिंकी अकरा वाजता मेसेज टाकून विचारायची, घेतली का. आणि तिसऱ्या माझ्या सासूबाई.

सासूबाईंची गोष्ट आठवली आणि जीपमध्ये माझे डोळे उगाच चुरचुरले. भागिरथाबाई गळ्यात तुळशीची माळ घालतात. आमच्या घरात अंडं येत नाही; माझा नवरा हरीओम बाहेर ऑम्लेट खाऊन आला तर त्या वासावरून ओळखतात आणि त्याचं ताट वेगळं वाढतात. अशी बाई एका दुपारी एकटी मेडिकलमध्ये गेली आणि माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्यांची बाटली घेऊन आली. मला कोठीमागे नेऊन माझी ओटी भरली आणि ती बाटली माझ्या पदरात टाकली. पिवळ्या, आरपार दिसणाऱ्या गोळ्या. मी नाव वाचून दचकले. "आई, याच्यात मासा आहे." "मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "दुकानवाल्यानं सांगतलं. देवाशी मी पाहून घेईन. तू घे. दोन दोन घे. सीलबंद हाय, म्या सोता पाह्यलं." त्यांनी बाटलीचं सील मला बोटानं दाखवलं, दोनदा. ते त्यांना एवढं का दाखवावंसं वाटलं, हे तेव्हा मला कळलं नाही. मी सील फोडलं आणि गोळ्या घेतल्या. अशा बाईला कोण नको म्हणेल!

या झाल्या तीन. शिवाय आमच्या भागातल्या आशाताई रत्नमाला, त्यांनी चौथा लागल्याबरोबर घरी येऊन लोहाच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम दिलं, कार्डावर लिहिलं. शिवाय कारंजातल्या माझ्या डॉक्टरीणबाई, त्यांनी पहिल्याच भेटीत स्वतःची एक फॉलिक अॅसिडची गोळी लिहून दिली होती, आणि ताई पण देतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, का तर त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणजे पाच. सकाळी सहाला डॉक्टरांची. आठ वाजता सासूबाईंच्या दोन, त्या समोर उभ्या राहणार, गिळल्याची खात्री करणार आणि वरून चहा देणार. अकराला पिंकीची. एक वाजता मायची पावडर. आणि जेवण झाल्यावर रत्नमालाताईंची लाल आणि पांढरी, दोन्ही एकदमच, एका घोटात, काम संपलं. मला या वेळापत्रकाचा चक्क अभिमान होता! फवारणीचं नियोजन मी शेतकऱ्यांना आखून देते, तसं मी स्वतःचं आखलं होतं. कोणाचं मन दुखलं नाही, कोणाला कोणाचं कळलं नाही. एकोणीस दिवस. आणि या एकोणीस दिवसांत माझं पोट म्हणजे, आता काय सांगू, कोंडवाडा झालं होतं. चार चार दिवस आत गेलेलं बाहेर येत नव्हतं. मळमळ तर विचारूच नका. शेजारच्या गोमतीबाई म्हणाल्या, एवढा तरास म्हंजे पोरगाच. मी हसले होते, सासूबाई का कोण जाणे हसल्या नव्हत्या.

जीप हलली तशी मी पिशवीतून केशरी बाटली काढली आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा तिची मागची बाजू वाचली. लोह. फॉलिक अॅसिड. आयोडीन. जीवनसत्त्व अ. मग मायच्या डब्याचा फोटो मोबाइलवर होता (त्या गरगरीत बाईचा, हरीओमला दाखवून हसायला काढलेला, कडेला घटकांची यादीही आलेली), तो मोठा करून बघितला. लोह. जीवनसत्त्व अ. माशाच्या यकृताच्या तेलात दुसरं असतं काय? जीवनसत्त्व अ आणि ड. मी मोबाइलवर लिहिलं, गरोदरपणी जीवनसत्त्व अ जास्त झाल्यास. पहिल्याच ओळीत आलं, बाळाच्या चेहऱ्यात, हृदयात दोष. पुढचं उघडणार तेवढ्यात नेट गेलं. पडद्यावरचं चक्र गोल गोल फिरत राहिलं आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यात, हृदयात. बाहेर कुणाच्या तरी शेतात हरभरा कोवळा हिरवा उगवून आला होता, बाया खुरपत होत्या, एकीनं जीपकडे बघून उगाच हात हलवला. मीही हलवला. हात हलवताना मला रडू येत होतं.

मला तो दिवस आठवला. पट्टीवर दोन रेघा आल्या, मी हरीओमला दाखवल्या. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो, दिवसभर परीक्षानळ्या हाताळतो, पण ती पट्टी त्यानं उलटी धरली आणि म्हणाला, "एक रेघ पुसट हाय, म्हंजे अर्धं अर्धं का?" मी म्हटलं, बह्याडा, अर्धं कसं असेल! मग तो इतका हसला, की गॅसवरचं दूध पूर्ण उतू गेलं आणि घरभर करपल्याचा वास. त्या वासातच सासूबाई देवळातून आल्या, आमची तोंडं बघितली आणि काही न विचारता ओटा पुसायला लागल्या. पुसता पुसता त्यांचे खांदे हलत होते. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही टोचलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी टोचलं; सरकारी मीटिंगमध्येही कोणीतरी विचारायचं, मॅडम, काही गोड बातमी? सासूबाई मात्र अशा वेळी पुढे होऊन म्हणायच्या, तिले नोकरीचं लय काम असते. आणि एवढी वाट पाहून राहिलेल्या या दिवसांत मी काय केलं होतं? दोन डबे कालवून मारणाऱ्या माणसाला मी मूर्ख समजत होते. त्याची तूर तरी पुन्हा पालवेल.

मन म्हणालं, सगळं फेकून दे. जीपमधूनच फेक. पण माझ्यातली सरकारी कर्मचारी जागी होती. ती म्हणाली, पुरावा नष्ट करायचा नाही. कीड ओळखायची तर नमुना आणायला आम्हीच सांगतो की नाही? कारंजाला उतरून मी आधी ऑफिसात गेले, मातीच्या पाकिटांखालून डबा काढला. मग घरी. सासूबाई भजनाला गेल्या होत्या. मी स्वतःच्याच घरात चोरासारखी कोठीमागे हात घातला, बाटली काढली, उशाखालच्या डॉक्टरांच्या गोळ्या घेतल्या, फळीवरच्या ताईंच्या घेतल्या. सगळं भाजीच्या पिशवीत. पिशवी खुळखुळत होती. रिक्षावाला म्हणाला, "ताई, लेकराचं खेळनं घेतलं वाटते." मी त्याला नीट उत्तर दिलं नाही, बिचारा.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात संध्याकाळची गर्दी असते. राखी नावाची सिस्टर नंबर लावते. तिनं माझं तोंड बघितलं आणि नंबर न लावताच आत सोडलं. मी टेबलावर केशरी बाटली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी चष्मा नाकावर ओढून लेबल वाचलं. "कधीपासून?" एकोणीस दिवस. "बरं. एवढंच ना?" मी पावडरचा डबा काढला. "हं. आता झालं?" मी माशाच्या तेलाची बाटली काढली. "अगं!" मी लाल गोळ्या काढल्या, पांढऱ्या काढल्या, मग त्यांचीच चिठ्ठीवाली गोळी काढली. राखी दारात उभी होती, तिनं तोंडाला ओढणी लावली. डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलल्या आणि म्हणाल्या, "वैभवी, तू दुकान टाकते का?" आणि मग मला रडताना बघून लगेच सरळ बसल्या. "थांब. रडायचं नंतर. आधी मोजू."

त्यांनी कागद घेतला, कॅल्क्युलेटर घेतला. मी आयुष्यात इतक्या बारकाईनं कोणाच्या बोटांकडे बघितलं नव्हतं. प्रत्येक डब्यावरचा आकडा त्या मोठ्यानं वाचत, मी रोजचं प्रमाण सांगत होते, चमचे किती, गोळ्या किती. आकडा वाढत होता. माझ्या डोक्यात एक चेहरा तयार होत होता आणि मी तो पुसत होते, पुन्हा तयार होत होता. शेवटी त्यांनी खाली रेघ मारली. "सहा हजार आठशे युनिट, रोजचं. तयार स्वरूपातलं जीवनसत्त्व अ दिवसाला दहा हजारांच्या वर गेलं की आम्ही घाबरतो. तू खाली आहेस. दुसरं म्हणजे, तू सुरू केलंस बारावा आठवडा संपताना. बाळाचे मुख्य अवयव बनायचे सगळ्यांत नाजूक दिवस तोवर बरेचसे झाले होते." मी विचारलं, "म्हणजे काही नाही?" त्या म्हणाल्या, "शिक्का मारून कुठल्याच आईला मी लिहून देत नाही. अठरा ते वीस आठवड्यांत सगळ्यांची करतो तशी तुझीही सोनोग्राफी करू, बाळाचा एकेक अवयव बघू. पण आज मला विचारशील, तर मी घरी जाऊन शांतपणे जेवणार आहे. तूही जेव." हे वाक्य ऐकलं मात्र. मी इतकी मोठ्यानं रडले, की बाहेर बसलेल्या बायांना वाटलं असेल, जुळं निघालं.

मग त्यांनी मला झापलं. छान झापलं, मी पंजाबरावांना झापते त्याहून वरच्या दर्जाचं. "आता ऐक. ही केशरी बंद. पावडर बंद. माशाचं तेल बंद. आणि ही माझी," त्यांनी स्वतःच्या गोळीवर फुली मारली, "हीसुद्धा बंद. ताईंच्या गोळीत लोह आणि फॉलिक अॅसिड आहे, तुझ्या रक्ताला तेवढं पुरतं. तिनं दिलं हे मला सांगायचं नाही? लोह तीन तीन ठिकाणांहून घेतलंस, पोट कोंडणार नाही तर काय होईल! आणि लाल नि पांढरी एकत्र कोण घेतं? कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. पांढऱ्या सकाळी आणि संध्याकाळी, जेवणानंतर. लाल एकटी, झोपायच्या आधी, लिंबूपाण्याबरोबर. आणि चहा? गोळीवर चहा प्यायलीस तर गोळी वाया. तास-दोन तास चहा नाही." मी म्हटलं, मॅडम, मी रागानं सगळंच फेकणार होते. "फेकलं असतंस तर लाल गोळीही गेली असती, ती तुला पाहिजेच आहे. बंद काय, चालू काय, हे विचारून ठरवायचं. आणि यापुढे कोणीही, अगदी कोणीही काही दिलं, पावडर, काढा, पुडी, तर आधी या टेबलावर आणायचं. तू रोज शेतकऱ्यांना सांगतेस ना, अमुक मारू नका? मग घरातल्या बायांना सांगताना काय होतं?" काय होतं ते मला माहीत होतं. शेतकरी माझी ओटी भरत नाहीत.

बाहेर आले तेव्हा मला जगातल्या प्रत्येक माणसाला मिठी मारावीशी वाटत होती, रसवंतीवाल्यालासुद्धा. पिंकीला फोन लावला. तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "वहिनी, सॉरी, मी मागचं वाचलंच नव्हतं. समोरचं वाचलं." मायला लावला. माय म्हणाली, "डॉक्टरीन म्हनते तर असन. पन तो डबा फेकू नको, मी येईन तवा मीच पेईन." दोघी झाल्या. चालता चालता सारखी बेरीज करत होते, सहा हजार आठशे, सहा हजार आठशे, जणू दहावीचे मार्क. तरी घराच्या फाटकाशी येऊन थांबले. तिसरी राहिली होती. देवाशी पाहून घेईन म्हणाली होती ती. तिच्या हातात मी ती बाटली परत कशी देणार होते? घेतल्यासारखं करावं आणि मोरीत टाकत जावं, असंही मनात येऊन गेलं. सोपं होतं. सकाळी आठ वाजता तोंडात धरायची, चहाचा घोट घेतल्याचं नाटक करायचं. पण मग सातव्या महिन्यात त्या आणखी काही आणणार, आणि बाळ झाल्यावर बाळाच्या तोंडात काही घालणार, आणि मी आयुष्यभर मोरीपाशी उभी.

सासूबाई ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले, भाजीच्या पिशवीतून त्यांची बाटली काढून मधे ठेवली. "आई, मी या गोळ्या आता घेणार नाही. डॉक्टरांनी बंद सांगितल्या." आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, मायचा डबा, पिंकीची बाटली, दहा हजार, सहा हजार आठशे, चेहरा, हृदय, सगळं. बोलताना मी त्यांच्याकडे बघत नव्हते, मेथीच्या काड्यांकडे बघत होते. माझं संपलं. मी वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "लेकराले काई झालं का?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही आई, मी म्हटलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या आज शांतपणे जेवणार आहेत. "खरं सांगून राह्यली?" खरं. तेव्हा त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

"म्या सीलबंद पाहून घेतली होती," त्या म्हणाल्या. "म्हनून घेतली. मले देल्ली होती ते सीलबंद नोयती." मी विचारलं, तुम्हाला काय दिलं होतं? आणि जे हरीओमलाही माहीत नाही, ते त्यांनी मेथीच्या ढिगासमोर बसून मला सांगितलं. हरीओमच्या आधी त्यांना दिवस राहिले होते. दुसऱ्याच महिन्यात त्यांच्या सासूनं कुठूनशी एक पुडी आणली, पोरगा व्हावा म्हणून. गोऱ्हा असलेल्या गाईच्या दुधात घ्यायची, पहाटे, कोणाशी न बोलता. "म्या इचारलं, याच्यात काय हाय? तर म्हने, तुले काय कराचं? माहा हात असा मागं आला होता पाह्य. पन त्या पुढं उभ्या. म्या पेली. तीन दिवस पेली." मुलगी झाली. चार दिवस जगली. "पुडीनं झालं का कायनं झालं, देवाले ठाव. पन मले अजूनबी वाटते, हात मागं आला होता तं मागंच ठेवाचा होता." त्या रडल्या नाहीत. हाताचा तळवा त्यांनी एकदा उघडला, एकदा मिटला. मग म्हणाल्या, "म्हनून मी गेली होती दुकानात. म्हनलं, हिच्या पोटात जाईन ते लिहिलेलं असाव, झाकनाचं असाव. आन् पाह्य, म्याबी तेच केलं. तुह्या पुढं उभी राह्यली."

"नाही आई, तुमचं तसं नव्हतं," मी म्हणायला गेले, पण त्यांनी मला हातानंच थांबवलं. त्यांना माझं सांत्वन नको होतं. त्यांनी ती बाटली उचलली, डोळ्यांजवळ धरून त्या पिवळ्या गोळ्यांकडे बघितलं, आणि अचानक, मला काही कळायच्या आत, त्यांचा चेहरा बदलला. कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, ताठ मान. ओसरीवर कोणी तिसरीच बाई येऊन बसावी तशा त्या झाल्या. बाटली त्यांनी माझ्यापुढे धरली आणि खड्या आवाजात म्हणाल्या, "घे. पोटाले चांगलं हाय. घे म्हनलं न!"

मला हसू आलं. "नको, आई."

"नको काय? असं लाडात नाई म्हनाचं. नीट म्हन."

"नाही घेणार."

"कायले नाई घेनार? मी सासू हाय तुही. घे!" त्यांचे डोळे आता चमकत होते, हसण्यानं की कशानं कोण जाणे, आणि बाटली माझ्या नाकापर्यंत आली होती.

"नाई!" मी ओरडले. असं ओरडले की शेजारच्या गोमतीबाईंनी भिंतीवरून डोकावून बघितलं. "याच्यात काय हाय ते कळल्याबिगर मी काईच घेनार नाई! कोनी देल्लं तरी नाई!"

सासूबाईंनी बाटली हळूच मागे घेतली आणि स्वतःच्या मांडीत ठेवली. कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि पदरानं तोंड पुसत, हसत, पण माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलावं अशा आवाजात म्हणाल्या, "अस्सं. अस्सं म्हनाचं होतं, भागिरथा."